एक्सलला प्रदक्षिणा

लातुरात डाळमिलच्या गल्लीत चन्नबसप्पा मिस्त्रीचं नाव काढलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "कामून, तुमालाबी काही कबूल केलं का त्यानं?" माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर परवडलं असतं, लोकांनी आपली कामं दुसरीकडे नेली असती. पण देव त्याच्या तोंडात "नाही" हा शब्द घालायलाच विसरला होता. कुणी काहीही मागावं, मिस्त्री मान डोलावून म्हणणार, "झालंच समजा." शेजाऱ्याच्या मुलीला स्थळ? झालंच समजा. मळ्यातलं इंजिन परवापर्यंत चालू? झालंच समजा. एका बाईचा बोकड हरवला, तर तोसुद्धा सापडलाच समजा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढणारा इतका हसतमुख की पंगतीतून उठवत नसे.

एका बाबतीत मात्र त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. गंजून जाम झालेला, लोखंडाला लोखंड धरून बसलेला नट त्याच्यापुढे आणावा, तो मोकळा होणारच. मूळचा तो नायगावकडचा. पोरवयात नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली राहिला, आणि उस्तादाने त्याला एकच गोष्ट घोटून शिकवली, की नटावर घण उचलायचा नाही. "अदब से बोल बेटा, लोहा भी सुनता है." चन्नबसप्पाने हे अक्षरशः मनावर घेतलं. जाम नटापाशी तो उकिडवा बसायचा, कपाळावरचं भस्म सारखं करायचा, चार थेंब रॉकेल सोडायचा आणि हळू आवाजात सुरू व्हायचा, "मालक, लई दिस बसलात आत. आता बाहेर यावं. समदे तुमची वाट बगून राहिले." दुसऱ्या दिवशी मालकाचा दादा व्हायचा, तिसऱ्या दिवशी अरे-तुरे, आणि त्यापुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. पण नट निघायचा. रॉकेलने निघायचा की शिव्यांनी, याचा निकाल गल्लीला लावता आला नव्हता.

ज्या वर्षी लातूर जिल्हा व्हायचं ठरलं, त्याच वर्षी पाऊस रुसला. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. चहाच्या टपरीवर एक माणूस नव्या कलेक्टर कचेरीबद्दल बोलायचा आणि दुसरा आटलेल्या आडाबद्दल, आणि दोघांनाही वाटायचं आपण एकाच विषयावर बोलतोय.

चन्नबसप्पाची बायको शरणम्मा निलंग्याकडच्या माळेवाडीची. तिची म्हातारी आई रत्नम्मा तिथे एकटी राहायची आणि मेले तरी गाव सोडणार नाही म्हणायची. चैत्रात वाडीची विहीर आटली. चन्नबसप्पा तेव्हा सासुरवाडीला गेलेला. पारावर माणसं तोंडं सुकवून बसलेली बघून त्याला राहवलं नाही. "आमच्या सिद्रामप्पा सावकाराची लॉरी हाय. तिच्यावर टाकी बसवतो, मिलच्या बोरचं पाणी भरतो आन् घेऊन येतो. झालंच समजा!"

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. शरणम्मा आईला भेटायला वाडीत गेली की पारावरची माणसं तिला बघून रिकामी घागर बोटांनी वाजवायची. आषाढात तिने पिशवी भरली. दारात उभी राहून म्हणाली, "अवो, आजवर तुमचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. पण ही माजी आई हाय. पाणी घेऊन या, मी तुमच्यासंगं माघारी येते. रिकाम्या हातानं आलाव तर वेशीतूनच परता. आन् आता काही बोलू नका."

आणि ती तडक निघून गेली. रिकामं घर त्याला खायला उठलं. भाकरी त्याला करता यायची नाही, आणि खानावळीत जेवताना समोरचा विचारायचा, "वहिनी कुठं गेल्या?" तेव्हा घास तोंडातच फिरायचा.

आता ती लॉरी. लढाईच्या काळातली अमेरिकन गाडी, स्टेअरिंग डावीकडे. लढाई संपल्यावर किनवटच्या जंगलात एका ठेकेदाराने तिच्याकडून सागवान ओढून घेतलं, आणि ती थकल्यावर डाळमिलवाल्या सिद्रामप्पाने हौसेने विकत घेऊन मिलच्या आवारात लिंबाखाली उभी केली. दर दसऱ्याला तो तिची पूजा करायचा आणि नारळ नेमका मागच्या डाव्या चाकाच्या नटावर फोडायचा, कारण त्याच्या पोटाला तेवढंच वाकणं झेपायचं. वर्षानुवर्षं नारळाचं पाणी, हळद, कुंकू आणि गूळ पिऊन तो नट असा बसला होता की एक्सल कुठे संपतो आणि नट कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. इंजिन ठीक होतं, बाकीची चाकं फिरत होती. या एकाच चाकातलं बेअरिंग जाम होतं, आणि बेअरिंगपर्यंत जायला हा नट म्हणजे एकुलता एक दरवाजा.

"एक नट, सावकार," चन्नबसप्पा म्हणाला. "पंधरा ऑगस्टला जिल्ह्याच्या मिरवणुकीत तुमची गाडी सगळ्यांच्या म्होरं. आन् दुसऱ्या दिशी टाकी घेऊन माळेवाडीला. झालंच समजा."

सिद्रामप्पा व्यापारी माणूस, तूर हातात घेतली की शेत सांगणारा. त्याने डोळे बारीक केले. "मिस्त्री, जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकाला उलटे आटे असत्यात म्हणं. आपण सोडायला जावं आन् ते आवळावं."

"असत्यात की. पण कुठल्या गाडीला? जिचं स्टेअरिंग उजवीकडं हाय तिला. हिचं डावीकडं. मंजी हिची डावी बाजू ती खरं तर उजवी. हाय का न्हाई?"

सिद्रामप्पाला काही उमगलं नाही, पण इतक्या ठामपणे सांगितलेली गोष्ट खोटी असेल असंही वाटलं नाही. घोडं इथेच पेंड खात होतं. नट उलट्या आट्यांचाच होता. चन्नबसप्पा नेहमीच्या दिशेने, पुऱ्या ताकदीने आणि पुऱ्या अदबीने तो आवळत होता.

मालक झालं, दादा झालं, अरे-तुरे झालं. नट ढिम्म. शेवटी मिस्त्रीच्या डोक्यात आलं की नट आडवा आहे, रॉकेल आत मुरतच नाही, बाहेरच्या बाहेर ओघळतं. म्हणून त्याने चाकाचा टायर काढला, मागचा अख्खा एक्सल गाडीखालून सोडवला आणि मिलच्या हमालांना लिंबाखाली पुरुषभर खोल खड्डा खणायला लावला. एक्सल त्यात उभा पुरायचा, नट वर आकाशाकडे, म्हणजे थेंब सरळ आट्यांत.

आता दुष्काळात खड्डा खणणं म्हणजे काय ते बघा. पहिल्या टोपल्यालाच गल्लीतल्या साखराबाई घागर घेऊन हजर. साखराबाई म्हणजे गल्लीतल्या बायांचं पुढारपण करणारी, उपास एकही न सोडणारी विधवा म्हातारी. "पाणी लागलं का हो मिस्त्री?" संध्याकाळपर्यंत तिच्यामागे रांग. खड्ड्यात पाण्याऐवजी लोखंड उतरलं तेव्हा बाया हिरमुसल्या. चन्नबसप्पाने मुरूम ठोकून एक्सल पक्का केला, वर राहिलेला चाकाचा गोल ड्रम फिरू नये म्हणून त्याच्या भोकांतून पहारी ठोकल्या. वर काय दिसत होतं? जमिनीलगत गोल ड्रम, मधोमध एक्सलचं बुटकं टोक, सगळं काळं तुळतुळीत. सांडलेलं तेल जायला त्याने उत्तरेकडे मातीत एक पन्हाळ काढली आणि तिच्या तोंडाशी डबा ठेवला.

आता थेंब थेंब रॉकेल कसं सोडायचं? दुकानात गल्लीतल्या महादेवाची गळती पडलेली होती, पिंडीवर टांगतात तो तांब्याचा घडा. भोक झिजून पाणी फार जातं म्हणून देवळातल्या जंगमांनी दुरुस्तीला दिलेली. चन्नबसप्पाने भोक बारीक करून ठेवलं होतंच. "तपासून बगायलाच पायजे," असं स्वतःशी म्हणत त्याने तिच्यात रॉकेल आणि तेल भरलं आणि लिंबाच्या फांदीला दोरीने टांगली. थेंब नेमका नटावर. मग तो समोर उकिडवा बसला, भस्म सारखं केलं आणि हात जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, "मालक, माझी चूक पदरात घ्या. बाहेर या. तुमी आलाव तरच पाणी मिळंल. माझी बायको माघारी येईल."

श्रावणातला सोमवार होता. साखराबाई देवळातून परत येत होती. तिथे पाण्याअभावी पिंडी कोरडी, आणि इथे गळती ठिबकतेय, भस्म लावलेला माणूस डोळ्यांत पाणी आणून "बाहेर या" म्हणतोय. बाईने तिथेच पदर पसरला. "मिस्त्री, पाऊस पडंल का हो?"

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, हा लॉरीचा एक्सल आहे. चन्नबसप्पा म्हणाला, "झालंच समजा."

उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसऱ्या दिवशी बेलाची पानं आली. तिसऱ्या दिवशी बाया घरचं करडईचं तेल घेऊन आल्या आणि नटावर ओतून गेल्या. करडईचं तेल वाळलं की डिंक होतो, हे मिस्त्रीला माहीत होतं. तो डोकं धरून बसला, पण "ओतू नका" म्हणायला तोंड उघडेना. जंगम गळती न्यायला आले आणि थबकले. "हे लोखंड हाय," चन्नबसप्पा त्यांच्या कानाशी कुजबुजला. जंगम शांतपणे म्हणाले, "असू दे. श्रावणात धरलेली धार मोडू नये. अमावस्येपर्यंत राहू द्या." आणि हात जोडून गेले.

नटावर टोपीसारखा बसणारा उंच बॉक्स पाना त्याने चढवला तेव्हा मोठा गलका होईल अशी त्याला भीती होती. उलट साखराबाईने समाधानाने मान हलवली. "मुखवटा चढवला. बरं केलं."

पंधरा ऑगस्ट उजाडला. लातूर जिल्हा झाला. कमानी, पताका, बँड, सगळं आलं. आली नाही ती लॉरी. सिद्रामप्पा नवा पटका बांधून मिरवणुकीत पायी चालत होता आणि प्रत्येक पावलाला मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडत होता. मिरवणूक मिलपाशी आली तेव्हा चन्नबसप्पाने शेवटचा जोर लावायचं ठरवलं होतं. पान्याच्या डोक्यातून त्याने लांबलचक पाइप घातला, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला हमाल, आणि घाण्याच्या बैलासारखे सगळे रेटायला लागले.

"थांबा!" साखराबाई कडाडली. "आरं मेल्यांनो, देवाला उलटी प्रदक्षिणा? म्हणूनच पाऊस थांबलाय!"

"मावशी, नट असाच सुटतो," मिस्त्री काकुळतीला आला.

"देव डाव्या हाताला ठिवून फिरताव, लाज न्हाई वाटत? सरका!" तिने पाइपाला हात घातला. मागोमाग मिरवणुकीतली माणसं धावली, झेंडेवाले, लेझीमवाले, बँडवालेसुद्धा एका हाताने. पाइपावर तसूभर जागा राहिली नाही. "हर हर महादेव!" आणि सगळे देवाला उजवीकडे ठेवून, सुलटे फिरायला लागले.

"आवळंल! आवो, आवळंल ते!" चन्नबसप्पा कपाळ बडवत ओरडला.

कर्रर्र असा आवाज झाला. मिस्त्रीचा हात कपाळावरच राहिला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आवळणारा नट असा रडत नाही, सुटणाराच रडतो. उलटे आटे. स्टेअरिंगचं सगळं तत्त्वज्ञान त्याच्या डोळ्यांसमोरून धुळीत गेलं. गर्दीत उभ्या सिद्रामप्पाने त्याच्याकडे बघितलं, आणि मिस्त्रीने चटकन बेलाच्या पानांकडे बघितलं.

"चालू द्या! असंच चालू द्या!" तो आता नाचायला लागला. पण पाइप तेलाच्या पन्हाळीपाशी आला आणि सगळे एकदम थांबले. महादेवाची पन्हाळ ओलांडायची नसते, तिथून माघारी वळायचं असतं, हे लातुरातलं शेंबडं पोरही जाणतं. माणसं पाइपासकट माघारी वळली. नट पुन्हा आवळला गेला. दुसऱ्या बाजूने पन्हाळीपाशी पोचली, पुन्हा वळली. नट सुटला. पुन्हा वळली, आवळला. बँड वाजतोय, लोक घामाघूम, पुण्य चढतंय आणि नट जागच्या जागी. चन्नबसप्पाला रडावं की हसावं कळेना. "ओलांडा की एकदा," तो म्हणाला, तर साखराबाईने असं बघितलं की तो लिंबामागे गेला.

तिथेच त्याला सुचलं. तो पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "मावशी, माघारी येताना मुखवटा हातात घेऊन यावा. देवाला वझं कशाला?" हे साखराबाईला पटलं. जाताना पाइप रेटायचा, पन्हाळीपाशी पाना वर उचलायचा, मानाने चार हातांवर माघारी आणायचा आणि पुन्हा नटावर चढवायचा. अशा अर्ध्या अर्ध्या प्रदक्षिणांनी नट आट्याआट्याने वर आला, आणि शेवटी साखराबाईच्या ओंजळीत पडला. लोकांनी गुलाल उधळला. काही जण जिल्ह्याचा जयजयकार करत होते, काही नटाचा.

आता नट परत मागायचा कसा? बाया म्हणाल्या, देवळात ठेवू. चन्नबसप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. नट नाही तर चाक नाही, चाक नाही तर शरणम्मा नाही. आणि घाबरला की त्याची जीभ सैल सुटायची. "देव असा बसून ऱ्हाणार न्हाई," तो म्हणाला. "देव गाडीवर बसून गावोगाव पाणी वाटत जाणार हाय. झालंच समजा!"

गर्दीला हे इतकं आवडलं की लोकांनीच एक्सल उपटून दिला. नटाचा मान राहिला म्हणून अमावस्येआधीच धार थांबवायला जंगमही कबूल झाले. सिद्रामप्पाची मिरवणूक हुकली होती, पण लोक येता-जाता त्याच्या पाया पडायला लागले होते, त्यामुळे त्याने टाकी दिली, बोरचं पाणी दिलं आणि वर पेढेही वाटले. बेअरिंग ग्रीस पिऊन हलकं झालं. चन्नबसप्पाने नट पुन्हा बसवला, या खेपेला कुठल्या दिशेने ते नीट बघून, आणि लॉरी निलंग्याच्या रस्त्याला लागली.

टाकीत पाणी हिंदकळत होतं. तो गात होता. वेशीतून आत शिरताना काय काय बोलायचं, कुणाकुणाला घागर वाजवून दाखवायची, सगळं ठरलं होतं. आणि पहिल्याच गावाला रस्त्यावर हंडे-घागरींची रांग उभी. बातमी त्याच्या आधी पोचली होती की देव गावोगाव पाणी वाटत येतोय. लोकांनी चाकाला हार घातला, नटाला कुंकू लावलं आणि हंडे पुढे केले. "द्याल न्हवं?" त्याला नाही म्हणता येतं का? पुढच्या गावालाही रांग. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक ठिकाणी तो मनात म्हणायचा, आता इथून पुढे थांबायचं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी एखादं लेकरू रिकामी लोटी घेऊन उभं असायचं.

माळेवाडीच्या वेशीत लॉरी शिरली तेव्हा अख्खं गाव धावलं. चन्नबसप्पाने टाकीची तोटी सोडली. घागर अर्धी झाली आणि धार तुटली. पारावर आज रिकामी घागर कुणी वाजवली नाही, आणि ते चन्नबसप्पाला जास्त लागलं.

शरणम्मा गर्दीतून पुढे आली. तिने टाकीत डोकावलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"समदं कुठं गेलं?"

त्याच्या डोक्यात चार गोष्टी तयार होत्या. टाकी गळाली. टायर बसला. पोलिसांनी अडवलं. त्यातली एकही बाहेर आली नाही. "वाटत आलो," तो म्हणाला. "लोक उभे होते. मला न्हाई म्हणता येईना. तुज्या आईचं पाणी मी लोकांना दिलं, शरणम्मा. जातो मी माघारी." आणि खरंच वळला.

घरातून रत्नम्माचा आवाज आला, "नीरु बंता?" पाणी आलं का? म्हातारीची सवय, अडचणीला कानडीत बोलायची. शरणम्माने अर्धी घागर उचलली, आत नेली, आईला पाजलं. "लई तेलकट लागतंय गं," म्हातारी म्हणाली आणि अजून एक तांब्या मागून घेतला.

शरणम्मा बाहेर आली. पदर खोचला आणि लॉरीच्या केबिनमध्ये चढून बसली. "चला. दुसरी खेप भरून आणू. मी शेजारी बसते. बगते वाटेत कोण पाणी मागतंय ते. गाडी कुठं थांबवायची न्हाई."

मिलवरून माळेवाडीला येताना टाकी काठोकाठ भरलेली. पहिल्या गावाला हात वर झाले. चन्नबसप्पाने दात ओठ खाऊन हॉर्न दाबला आणि गाडी तशीच दामटली. शरणम्मा समोर बघत होती. दुसरं गाव गेलं. तिसऱ्या गावाबाहेर एक म्हातारी रस्त्याच्या कडेला हंडा मांडीत घेऊन बसली होती. तिने हात वर केला नाही, नुसती बसून राहिली. लॉरी तिच्यापुढून गेली.

"थांबवा," शरणम्मा म्हणाली.

"तूच म्हणलीस ना—"

"थांबवा म्हणते न्हवं!"

ती खाली उतरली. म्हातारीचा हंडा भरून दिला. तोवर गाव गोळा झालं होतं. तिने घरटी एक घागर दिली, स्वतःच्या हाताने. एक दांडगा गडी दुसरी घागर पुढे करून उभा राहिला, तर शरणम्मा त्याच्या तोंडावर म्हणाली, "न्हाई." साधं, सरळ, न ओरडता. गडी निमूटपणे बाजूला झाला. चन्नबसप्पा स्टेअरिंगवरून वाकून बघत राहिला. हे इतकं सोपं असतं, हे त्याला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. माघारी जाऊन तिने आधीच्या दोन्ही गावांतही पाणी दिलं, तशाच मापाने.

माळेवाडीत टाकी अर्धी पोचली. घराघरात रांजण बुडापुरते भरले, पण भरले. रत्नम्माच्या अंगणात शरणम्माने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि समोर बसली. त्याने पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि मान खाली घालून जेवत राहिला.

शरणम्माने विचारलं, "उद्या पुढच्या खेपेला कवा निघायचं आपण?"

"तू म्हणशील तवा," तो म्हणाला.